आठ आठवडे, एक पत्र

पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी मानव्यविद्यांच्या एका निवासी संशोधन कार्यक्रमात आठ आठवडे राहून आले. विज्ञान शाखेतली मुलं अशा वेळी एखाद्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जातात आणि तिथे चालू असलेल्या कामाचा एक भाग हातात घेतात. आमच्याकडे असं आयतं काम नसतं. प्रश्न आपला आपणच न्यायचा, आणि तोही अर्जातच लिहायचा. मी तिथेच सगळ्यात जास्त अडले होते.

माझ्या प्रस्तावाचं शीर्षक होतं ‘अठराव्या शतकातील वैद्यक आणि स्त्रिया’. निवड झाली खरी, पण पहिल्याच भेटीत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. “हे दहा वर्षांचं काम आहे आणि तुझ्याकडे आठ आठवडे आहेत. यातलं नेमकं काय तुझ्या मनातून जात नाही?” मी त्या काळातली इंग्लिश लेखिका लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिच्या एका पत्राचं नाव घेतलं. “मग तेच घे. बाकी सगळं राहू दे.”

मेरीचा नवरा ऑटोमन (तुर्की) दरबारात इंग्लंडचा राजदूत होता. १७१७ च्या वसंतात ती एड्रिआनोपलला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्नेला, होती. तिचा भाऊ देवीच्या साथीत गेला होता, आणि १७१५ मध्ये तिला स्वतःलाही देवी येऊन गेल्या होत्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर वण राहिले, पापण्यांचे केस कायमचे गेले. एड्रिआनोपलहून तिने मैत्रिणीला लिहिलं, की आपल्याकडे जो आजार इतका जीवघेणा आहे तो इथे अगदी निरुपद्रवी आहे. एक म्हातारी येते, एका टणक फळाच्या कवचात देवीच्या फोडातला द्रव घेऊन. कुठली शीर उघडू, असं विचारते. सुईच्या माथ्यावर मावेल तेवढा द्रव शिरेत सोडते, वर कवचाचा तुकडा ठेवून बांधते. मुलं आठवडाभर खेळत राहतात, आठव्या दिवशी ताप येतो, दोन दिवस पडून राहतात, फार तर तीन. इंग्लिश डॉक्टर जेन्नरची गोस्तन देवीची (गाईंना होणाऱ्या देवीची) लस अजून दूर होती, ती १७९६ ची. इथे द्रव माणसाच्याच देवीचा.

मॅडमचा नियम असा, की पहिला आठवडा दुसरं काहीही वाचायचं नाही. हेच एक पत्र, रोज, पेन्सिल हातात धरून. तिसऱ्या दिवशी मी कंटाळले. चौथ्या दिवशी दिसलं, की सगळी कृती म्हातारीच्या हातून होते आणि डॉक्टर येतात ते थेट शेवटी. तेही कशासाठी, तर मानवजातीच्या भल्यासाठी आपल्या कमाईवर पाणी सोडेल असा एकही डॉक्टर ठाऊक असता तर मी त्याला हे कळवलं असतं, असं सांगण्यापुरते. या उपचारासाठी तिने वापरलेला शब्द आहे ‘इनग्राफ्टिंग’. मराठीत तो करायला बसले आणि थांबले: कलम करणं. झाडाचं कलम तेच, आणि ज्याने ती लिहीत होती तेही कलमच. हे मी निबंधात वापरलं नाही, कारण तो योगायोग मराठीचा आहे, तिचा नाही. पण त्या दिवसापासून पत्र माझं झालं.

तिसऱ्या आठवड्यात पायाखालची जमीन सरकली. आधुनिक संपादनाच्या प्रस्तावनेत वाचलं, की हे पत्र जसंच्या तसं पाठवलं गेलं होतं असं मानता येत नाही. प्रवासातल्या पत्रांवरून आणि नोंदींवरून मेरीने नंतर दोन वह्या तयार केल्या. १७६१ मध्ये इंग्लंडला परत जाताना त्या रॉटरडॅममध्ये एका धर्मगुरूंच्या स्वाधीन केल्या. १७६२ मध्ये ती गेली आणि १७६३ मध्ये पुस्तक छापून बाहेर आलं. आपण वाचतो तो मजकूर या वह्यांमधला. माझा सगळा मुद्दा तर ‘पाहिल्या पाहिल्या लिहिलेली साक्ष’ या एका गोष्टीवर उभा होता. रात्री मी बॅग भरायच्या विचारात होते.

इथे निवासी असण्याचा अर्थ मला कळला. माझी रूममेट नाटकांच्या भाषांतरांवर काम करत होती, तिचा अठराव्या शतकाशी काही संबंध नव्हता. रात्री बारा वाजता तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं, मग इतक्या वर्षांनी वही करताना तिने म्हातारीला का ठेवलं? गाळता आलं असतं की.” माझा खरा प्रश्न तो होता. दिवसा ग्रंथालयात हे घडलं नसतं, कारण तिथे प्रत्येक जण आपापल्या टेबलाशी असतो. ‘साक्ष’ हा शब्द मी खोडला आणि ‘साक्षीची रचना’ असं लिहिलं.

एक चूक मात्र नोंदवायलाच हवी, कारण ती कुणाचीही होऊ शकते. १७२१ मध्ये लंडनमध्ये देवीची साथ आली तेव्हा मेरीने स्वतःच्या मुलीला देवी टोचून घेतल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर देवी टोचण्याचा प्रयोग झाला. माझ्या खोलीच्या भिंतीवर तारखांचा तक्ता होता. त्यात ‘जानेवारी १७२१’ तारखेचं एक पत्र बसवलं, आणि त्या पत्रात कैद्यांच्या प्रयोगाचा उल्लेख! म्हणजे प्रयोगाची बोलणी सहा-सात महिने आधीच चालली होती, असं समजून मी दोन पानं लिहून टाकली. ग्रंथपाल बाईंनी तक्ता पाहिला आणि शांतपणे विचारलं, “तेव्हा इंग्लंडात वर्ष कधी सुरू व्हायचं?” २५ मार्चला. त्यामुळे त्यांचा जानेवारी १७२१ म्हणजे आपला जानेवारी १७२२. १ जानेवारीपासून वर्ष धरायला तिथे १७५२ मध्ये सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. दोन्ही पानं गेली. पूर्ण संध्याकाळ लावून मी तक्त्यातली एकेक तारीख पुन्हा तपासली. त्या दिवसापासून झोटेरोत, म्हणजे संदर्भांच्या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक नोंदीला तारीख कालगणनेच्या जुन्या पद्धतीची की नव्या, हे लिहायला लागले.

शेवटच्या दोन आठवड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मसुदा, दुरुस्त्या, पुन्हा मसुदा. पंधरा मिनिटांच्या सादरीकरणासाठी बावीस पानांतली चार निवडायची होती. मी म्हातारीची चार निवडली. प्रश्नोत्तरांत एका सरांनी विचारलं, “त्या म्हातारीचं नाव कुठे सापडलं का?” नाही, म्हटलं. पत्रात ती फक्त ‘म्हातारी’ आहे. लंडनमध्ये पुढे ज्यांनी टोचलं त्या डॉक्टरांचं नाव आहे, चार्ल्स मेटलंड. उत्तर देताना आवाज थोडा हलला, पण लपवावंसं वाटलं नाही.

अर्ज करणार असाल तर शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून नको, ज्यांनी तुमचं लिखाण लाल शाईने भरून परत दिलंय त्यांच्याकडून घ्या. प्रस्तावात एका वस्तूचं नाव असू द्या: एक पत्र, एक नकाशा, एक खटला.

निघायच्या सकाळी भिंतीवरचा तक्ता काढला. निबंधाची पहिली, पत्राच्या तारखेची तळटीप तेवढी पुन्हा वाचली: ‘१ एप्रिल १७१७, जुनी पद्धत, नव्या पद्धतीनुसार १२ एप्रिल.’