पेट्या रिकाम्या नव्हत्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बस स्टँडजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उताऱ्याचे अर्ज, नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, द्यायची कागदपत्रं, शाळेचे प्रोजेक्ट, लग्नपत्रिकांचा मजकूर. काम मराठीत असतं, कन्नडमध्ये असतं, कधी एकाच पानावर दोन्ही असतं. शटर खाली ओढलं की रात्री मी गेमचे मॉड लिहितो. मॉड म्हणजे मूळ गेमला बाहेरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर टाइप केल्यावर स्वतःचं काहीतरी लिहावंसं वाटतं.

माझा मॉड 'स्टारड्यू व्हॅली'साठी आहे. २०१६ साली आलेला हा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने साडेचारेक वर्षं खपून केला. त्यात शेत करायचं, गाई पाळायच्या, खाणीत उतरायचं. २८ दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं वर्ष. आमच्या खानापूर तालुक्यातल्या पोरांना तो समजवावा लागत नाही. पण माल वाढला की पेट्या वाढतात, एका साध्या पेटीत ३६ खण असतात, आणि कुठल्या पेटीत काय ठेवलंय ते आठवत नाही. गेममध्ये माल लावून ठेवायचं बटण आहे, पण आकड्यावरून शोधायची सोय नाही. कुठली तलवार जास्त मारते, काय खाल्लं तर जास्त ताकद, म्हणजे एनर्जी, येते, काय विकलं तर जास्त पैसे येतात, हे एकेक वस्तू तपासून बघावं लागतं. माझ्या मॉडमध्ये अटी लिहायच्या: एनर्जी इतकी वा जास्त, किंमत इतकी वा कमी. बसेल तेवढंच पेटीत दिसतं, बाकीचं झाकलं जातं. मी त्याला चाळणी म्हणतो.

गेल्या जुलैतली गोष्ट. पावसामुळे शाळांना सुट्टी होती. पुलाखालून मलप्रभा तांबडी होऊन वाहत होती, वीज येत-जात होती. सकाळी एक मुलगी धाकट्या भावाला ओढतच दुकानात घेऊन आली. हा भाऊ माझ्या ओळखीचा, मराठी शाळेत आठवीला. सुट्टीच्या दिवशी मला कागद लावायला मदत करतो आणि बदल्यात कोपऱ्यातल्या कंप्युटरवर तासभर खेळतो.

"दादा, ह्यानं तुमचा कंप्युटर मोडलाय म्हणे," अक्का म्हणाली. "आठ दिवस झाले, नीट जेवंना झालाय. बोल की रे आता."

तो बोलेना. मग हळूहळू निघालं. आठ दिवसांपूर्वी त्याने पेटी उघडली तर रिकामी. दुसरी उघडली, तीही रिकामी. अकराच्या अकरा पेट्या रिकाम्या. गेम बंद करून परत लावला, तरी तेच. त्याला वाटलं आपल्या हातून काहीतरी बिघडलं, आता दादा ओरडणार. त्याने ते शेतच पुसून टाकलं आणि त्याच नावाने नवं सुरू केलं. गेममधली दोन वर्षं त्या शेतात गेली होती.

"आणि दादा, नव्या शेतातल्या पेटीतबी काय राहीना झालंय. ठेवलं की जातंय."

हे ऐकल्यावर मी हातातला अर्ज बाजूला ठेवला.

त्याचं नवं शेत उघडलं. पेटीत एक दगड टाकला, झाकण लावलं, उघडलं. दगड नाही. यात नवल नव्हतं, कारण चाळणीत एनर्जीची अट होती आणि न खाण्याजोग्या वस्तूंना गेमच्या आत उणे ३०० असा आकडा दिलेला असतो. मग पार्सनिप टाकलं, ते पांढऱ्या गाजरासारखं कंद. त्याची एनर्जी २५, किंमत ३५. झाकण लावलं, उघडलं. तेही नाही. चाळणी बंद केली तर दगड आणि पार्सनिप दोन्ही जागच्या जागी.

आता त्याची चाळणीची फाइल उघडली. प्रत्येक खेळाडूच्या नावाने माझा मॉड एक साधी टेक्स्ट फाइल ठेवतो. त्यात लिहिलं होतं, एनर्जी २० वा जास्त, किंमत १५० वा कमी. अट चांगली होती. चीज २३० ला जातं म्हणून ते विकायला राहील, सॅलड ११० ला जातं पण ११३ एनर्जी देतं म्हणून ते खायला मिळेल. असा विचार आठवीतल्या पोराने स्वतः केला होता. पार्सनिप या अटीत बसत होतं. मग ते दिसत का नव्हतं?

फाइल मी तीनदा वाचली. प्रत्येक वेळी बरोबरच वाचली. शेवटी मॉड आत कुठले आकडे धरून चाललाय ते लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, छापून बघितलं. शून्य आणि शून्य. एनर्जी शून्य वा जास्त, किंमत शून्य वा कमी. अशी वस्तू त्याच्या कुठल्याच पेटीत नसणार.

मग फाइलकडे परत बघितलं आणि दिसलं. त्याने आकडे मराठीत लिहिले होते. आमच्या कंप्युटरवर टायपिंगसाठी मराठी कीबोर्ड चालू राहतो, आकडे मराठीच उमटतात. माझा डोळा ते सहज वाचून पुढे जात होता, कारण दिवसभर मी हेच आकडे टाइप करतो. मॉड वाचू शकत नव्हता.

चूक दुहेरी होती, आणि दोन्हीकडून माझीच. मॉड सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलाय, ती मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर चालते. लिहिलेलं आकडाच आहे ना, हे मी रेगेक्सने, म्हणजे मजकुराचा साचा जुळवून बघणाऱ्या सोयीने, तपासत होतो, आणि डॉट नेटच्या रेगेक्समधला 'आकडा' जगातल्या सगळ्या लिप्यांचे आकडे मान्य करतो. मराठी, कन्नड, अरबी, सगळे. पण पुढे त्या अक्षरांची संख्या करणारी ट्रायपार्स नावाची आज्ञा असते, ते फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं. जमलं नाही तर ते 'नाही' असं उत्तर देतं आणि संख्येच्या जागी शून्य ठेवतं. ते 'नाही' मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. शून्य उचललं आणि पुढे गेलो.

आधीच्या वर्षी जर्मनीतल्या एकाने मला कळवलं होतं की त्यांच्याकडे दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो, म्हणून त्याच्याकडे दीडाचे पंधरा होतात. मी त्याच रात्री जागून ते दुरुस्त केलं. जर्मनीचा स्वल्पविराम मला सुचला. माझ्या दुकानातल्या पाटीवरचे आकडे सुचले नाहीत. हे मला फार लागलं.

पण त्याहून जास्त लागलं ते हे, की माझ्या चाळणीने त्याला काहीच सांगितलं नाही. घरची चाळणी हलवली की खाली पडलेलं समोर दिसतं, कोंडा कुठे गेला म्हणून कोणी घाबरत नाही. माझ्या चाळणीखाली काही दिसत नव्हतं. रिकामी पेटी आणि झाकलेली पेटी अगदी सारखी दिसत होती. दोष स्वतःचा मानून तो पोरगा आठ दिवस गप्प बसला.

मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, "तू काही मोडलेलं नाहीस. तू बरोबर लिहिलंस. मी चुकीचं लिहिलं." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते खरं वाटलं नसावं.

मग आठवलं. हे मॉड स्मापी नावाच्या, मॉड गेमला जोडणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतात, त्याच्यासोबत सेव्ह बॅकअप नावाचा एक मॉड येतो. गेम लावला की दिवसाला एकदा तो सगळ्या शेतांची प्रत काढून ठेवतो. शेवटच्या दहा प्रती राहतात, त्याआधीची पुसली जाते. आठ दिवसांत रविवारी दुकान बंद होतं आणि एक दिवस वीज नव्हती. फोल्डर उघडलं आणि तारखा मोजत खाली आलो. ज्या दिवशी त्याने शेत पुसलं, त्या दिवशीची प्रत खालून चौथी होती. गेम आणखी चार दिवस चालला असता तर ती गेली असती.

झिप उघडून फक्त त्याचं फोल्डर जागेवर ठेवलं. बाकी पोरांच्या शेतांना हात लावला नाही. तेवढ्यात वीज गेली. इनव्हर्टर जुना झालाय, पण त्याने धरलं. गेम लावला, यादीत त्याचं जुनं शेत आलं. चाळणी बंद करून मी उठलो आणि खुर्ची त्याला दिली. पहिली पेटी उघडताना त्याचा हात थरथरत होता. पेटी भरलेली होती. अक्काने तोंडाला पदर लावला. तिला त्या गेममधलं काही कळत नाही, भावाचं तोंड मात्र दिसत होतं.

त्या दुपारी मी अर्ज घेतले नाहीत. आता मॉड आधी प्रत्येक अक्षर म्हणजे कुठला आकडा ते युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या, तक्त्यावरून काढतो, लिपी कुठलीही असो. आकडा वाचता आला नाही तर चाळणी लागतच नाही, कुठली ओळ कळली नाही ते लाल अक्षरांत येतं. पेटीच्या वर कायम लिहिलेलं राहतं, किती वस्तू आहेत आणि त्यांतल्या किती झाकल्यात. गेम परत लावला की चाळणी बंद असते. कन्नड टायपिंगला येणाऱ्या बाईंना मी कन्नड आकडे घालायला सांगितले. पार्सनिप दिसलं. त्यांनी विचारलं हे काय आहे, म्हटलं कंद आहे.

संध्याकाळी पोराने तीच अट परत लिहिली, मराठी आकड्यांतच. सॅलड दिसलं, पार्सनिप दिसलं, चीज झाकलं गेलं आणि वर झाकलेल्यांचा आकडा आला. तो आकडा त्याने दोनदा बोट ठेवून वाचला.

नवं शेत पुसायचं का, असं मी विचारलं. नको म्हणाला. त्यात त्याने पार्सनिप लावलंय, ते अजून उगवायचंय.