जयगडच्या खाडीत अडकलेलं कपलिंग: मुंबई–गोवा शिडाने जाणाऱ्यांसाठी

मुंबई ते हर्णै हा टप्पा चांगला झाला. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून वारा येतो, दुपारनंतर वायव्येचा धरतो. दोन्हींच्या मधे तासभर शीड नुसतं फडफडतं, तेव्हा इंजिन लावावंच लागतं. तशाच एका तासात तुटलेल्या जाळ्याचा दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमधे) आला. नांगर टाकून खाली उतरलो आणि दातेरी सुरीने तो कापला. पण वर येऊन बघतो तर ग्लँडची, म्हणजे पंख्याचा दांडा (शाफ्ट) बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडाची, रबरी नळी (होज) क्लिपपाशी चिरलेली, आणि थेंब थेंब नव्हे, बारीक धारच लागलेली. पंप चालू ठेवून, निव्वळ शिडावर जयगड गाठलं.

ही होज शाफ्टच्या पुढच्या टोकावरूनच सरकवून काढता येते, आणि त्या टोकावर शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग बसलेलं असतं. पुढचं सगळं रामायण त्यातून.

जयगड निवडायला दोन कारणं. शास्त्री नदीच्या खाडीत आत शिरलं की लाटेचा त्रास नाही. दुसरं कारण पाण्याचं. मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) चार मीटरहून जास्त चढ-उतार होतो. दक्षिणेला जाल तसा तो कमी होत गोव्याजवळ दोनेक मीटरवर येतो. होज काढली की बोटीत पाणी शिरतं, म्हणून बोट ओहोटीला तळावर टेकवून, पाणी ओसरल्यावर काम करायचं असेल तर ते उत्तरेकडेच उरकलेलं बरं. आमची बोट १.४ मीटर पाणी घेते, तिला जयगड पुरलं. बंदर खात्याच्या कार्यालयात आधी जाऊन कागद दाखवा आणि कुठल्या धक्क्याला टेकवणार ते सांगा. म्हणजे मग कोणी हटकत नाही.

आता कपलिंग. बोट तरंगत असतानाच ते सुटलं पाहिजे, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओहोटीचे चार तास होज बदलायला पुरतात, पण गंजलेल्या कपलिंगशी कुस्ती खेळायला पुरत नाहीत. शाफ्ट स्टेनलेसचा, कपलिंग साध्या लोखंडाचं. खारं पाणी मधल्या फटीत शिरतं, गंज फुगतो आणि दोन्ही एकजीव होतात.

एका ट्रॉलरवर काम करणारे वयस्क मिस्त्री मदतीला आले. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. माझ्या हातातला घण बघून पहिलं वाक्य: "ठोकू नका साहेब, गिअरबॉक्सच्या बेअरिंगा जातील." बरोबरच होतं. मग त्यांनी पॉलिश पेपरने कपलिंगवरचा रंग खरवडायला घेतला आणि रंगाखाली दडलेला दुसरा अडकण-स्क्रू दाखवला. एकच आहे असं समजून दिवसभर तेल ओतत बसणारे पुष्कळ असतात. स्क्रूला बांधलेली तार कापा, दोन्ही स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि त्या भोकांतूनच गंज सोडवणारं तेल आत सोडा. रात्रभर मुरू द्या.

कपलिंगची आणि गिअरबॉक्सची अशा एकमेकींना बोल्टने जोडलेल्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) आडवी खूण करून मग बोल्ट काढा. शाफ्ट दोन-तीन इंच मागे ढकलायचा असतो. त्याआधी पंखा आणि सुकाणू यांच्यात तेवढी जागा आहे ना, ते पाण्यात उतरून बघा. ग्लँडमधे शिरणारा शाफ्टचा भागही पुसून घासून घ्या, नाहीतर गंजाची खर ग्लँडमधल्या पाणी अडवणाऱ्या डोरीत जाते. शाफ्ट मागे निसटून बाहेर पडला तर बोटीला भोकच. म्हणून ग्लँडच्या पुढे शाफ्टवर दोन होज क्लिप घट्ट आवळून ठेवा आणि हाताशी लाकडी बूच असू द्या.

कपलिंग काढायची खरी युक्ती साधी आहे. शाफ्टच्या टोकासमोर, कपलिंगच्या भोकात सहज जाईल असा पान्याचा सॉकेट ठेवायचा. आमचा शाफ्ट २५ मिमीचा, म्हणून त्याहून जरा बारीक सॉकेट. मग चार लांब, पूर्ण आट्यांचे बोल्ट घालून कपलिंग आणि सॉकेटच्या पुढची बाजू एकमेकींकडे ओढायच्या. कपलिंग पुढे येतं, शाफ्ट जागेवर राहतो. बरेच जण हे बोल्ट गिअरबॉक्सच्या फ्लँजमधेच घालतात. चाचांनी ते करू दिलं नाही. रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीतून १२ मिमी जाडीची लोखंडी पट्टी, कपलिंगच्या भोकांशी जुळणारी चार भोकं पाडून आणवली. जोर त्या पट्टीवर, गिअरबॉक्स सुरक्षित. बोल्ट ८.८ दर्जाचे तरी हवेत.

समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळत गेलो. बोल्ट ताणले गेले, कपलिंग ढिम्म हललं नाही. मग ताण तसाच ठेवून कपलिंगवर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. बिल्जमधे, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, गॅसची ज्योत नेऊ नका. गॅस जड असतो, तळाशी साचतो, शिवाय शेजारी डिझेल आणि रबर. पाणी ओतल्यावर चाचांनी दोन हातोडे घेतले: एक कपलिंगच्या कडेला टेकवून धरला, दुसऱ्याने बरोबर समोरून टोला दिला. तिसऱ्या किटलीनंतर बंदुकीच्या गोळीसारखा आवाज झाला आणि कपलिंगच्या मागच्या कडेला तपकिरी भुकटीचं कडं उठलं. पुढे सॉकेटमागे लोखंडी गोट्या घालत ते हळूहळू ओढून काढलं. शाफ्टवरची चावी, म्हणजे कपलिंग शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली पट्टी, जागेवरच होती, फक्त एका कडेला दबलेली.

तरीही नाहीच सुटलं तर कपलिंग कापायचं, शाफ्ट वाचवायचा. चावीच्या बरोबर वरून लांबीने कापा, म्हणजे पातं चुकलं तरी चावीत घुसतं. नव्या कपलिंगचं माप आधीच लिहून ठेवा.

टेकवायच्या दिवसाबद्दल: उधाण चढतं असताना टेकवा. उतरत्या उधाणात अडकलात तर पुढच्या उधाणापर्यंत तिथेच मुक्काम. उधाणाची ओहोटी या भागात पहाटे आणि संध्याकाळी तळाला जाते, तेव्हा डोक्याला लावायचे दिवे हवेतच. आदल्या ओहोटीला तळ चालून बघा. एखादा दगड किलखाली (बोटीच्या तळाच्या कण्याखाली) आला तर महागात पडेल. धक्क्याच्या बाजूला डेकवर पाण्याचे कॅन ठेवून बोट किंचित तिकडे कलती ठेवा, डोलकाठीवरून एक दोर किनाऱ्याला. खाडीपलीकडच्या तवसाळची फेरीबोट गेली की लाट येते, टेकायच्या वेळी तेवढं लक्ष ठेवा. होज प्रत्येक टोकाला दोन क्लिपांची. पाणी परत यायच्या आत काम संपलं नाही तर ट्यूबचं रबर गुंडाळून क्लिप आवळा.

बसवताना शाफ्टला ग्रीस लावा, स्क्रूंना नवी तार बांधा. इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेघेत आहेत का ते मात्र बोट पुन्हा तरंगल्यावर, एक रात्र जाऊ देऊन तपासा. टेकलेल्या बोटीचं अंग वेगळं बसलेलं असतं. दोन फ्लँजमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चारही बाजूंनी फिरवा: १०० मिमीच्या फ्लँजला फटीतला फरक ०.१ मिमीपेक्षा जास्त नको. शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. आमची फट खालच्या बाजूला जास्त निघाली, इंजिनचे पुढचे माउंट (पाये) अर्धा फेरा खाली घेतल्यावर जुळली.

विजयदुर्गपर्यंत इंजिन चालवून पाहिलं, ग्लँड मिनिटाला दोन-तीन थेंबांवर स्थिर होती. इंजिन बंद केल्यावर थेंब थांबतात का तेही बघा, थांबले नाहीत तर डोरी आणखी जराशी आवळा.