दरबारी चेहरे: सरस, रेशीम आणि बारीक रेघा

हुबेहूब चेहरा काढून घेणं जपानी दरबाऱ्यांना आधी रुचत नसे. ११७३ साली साइशोकोइन मंदिरातल्या चित्रांत चेहरे फुजिवारा ताकानोबुने काढले, बाकी सगळं तोकिवा मित्सुनागाने. आपण त्या चित्रांत नाही, याचं समाधान दरबारी कुजो कानेझानेने रोजनिशीत नोंदवलंय.

नोबुझाने हा ताकानोबुचा मुलगा. १२२१ च्या युद्धात हरलेल्या माजी सम्राट गो-तोबाने संन्यास घेण्याआधी त्याच्याकडूनच चित्र काढून घेतलं. मिनासे देवस्थानातलं कागदावरचं चित्र तेच, असं मानतात. त्यातल्या भुवया आणि पापण्या जवळून पाहाच! एक ठसठशीत रेघ कुठेच नाही, केसाएवढ्या रेघा एकीवर एक घेत आकार सापडत गेलाय.

पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातल्या कुणाला हे रेशमावर करायचं असेल, तर आधी रेशमाला सरस-तुरटीचं पातळ पाणी द्या, नाहीतर रेघ फुटते. रंगात सरस कमी पडला की रंग झडतो, जास्त झाला की तडकतो. सरस उकळू देऊ नका, पकड जाते. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात तो लवकर कुजतो, म्हणून रोज लागेल तेवढाच भिजवा. चेहऱ्याचा पांढरा रेशमाच्या मागून भरा, पुढून कांती मऊ दिसते.