तळघराची मोरी उलटी वाहते तेव्हा

भाद्रपदात विहिरी तुडुंब झाल्या की जळगाव-धुळ्याकडच्या तळघरांत एकच तक्रार सुरू होते: मोरीच्या जाळीतून पाणी वर येतंय. चोकअप समजून आधी पट्टी घालतात, मग ॲसिड ओततात आणि शेवटी गवंड्याला बोलावून जाळीवर सिमेंट थापतात. पहिल्या दोन उपायांत पैसे जातात, तिसऱ्यात फरशी जाते.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. वास मारणारं, फेसाळ, सकाळी वरच्या मजल्यावर आंघोळी सुरू झाल्या की वाढणारं पाणी गटाराचं. स्वच्छ, गार, पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस संथपणे येत राहणारं पाणी जमिनीचं. खात्री हवी असेल तर वरच्या बेसिनमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओता आणि जाळीपाशी बसून राहा. शेजारी विहीर असेल तर तिची पातळी दोरीने मोजून तळघराच्या फरशीच्या उंचीशी ताडून बघा. कालव्याकाठी तर रब्बीच्या आवर्तनातसुद्धा पाणी चढतं, त्यामुळे 'आता पाऊस कुठंय' म्हणून भूजलाला निर्दोष सोडू नका.

खानदेशात बऱ्याच भागात वर काळी, मग मुरूम, खाली कातळ. मुरूम फोडून खड्डा काढायचा, भिंती उभ्या करायच्या, भोवतीची फट डबर-मातीने भरून टाकायची. त्या भुसभुशीत भरावात पाणी उतरतं आणि कातळावर साचून राहतं. म्हणजे आपण विहीरच खोदली आणि तिच्यात गोदाम बांधलं! रावेर-यावल-चोपड्याच्या गाळाच्या पट्ट्यात भूजल बरंच खोल असतं. तिथे मोरी उलटली तर पहिला संशय गटारावर, फुटक्या पाइपवर नाहीतर छताच्या पाण्यावर घ्या.

मोरीतूनच पाणी का येतं? दोन वाटा. तळघराची मोरी शोषखड्ड्याला जोडलेली असेल तर भूजल चढल्यावर आधी तो खड्डा भरतो, आणि त्यातली पातळी जाळीच्या वर गेली की पाणी उलट्या वाटेने घरात येतं. दुसरी वाट पाइपच्या सांध्यांची. जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपचे सिमेंटचे सांधे काळी फुगून-आकसून तडकवते, आणि फरशीखालचं पाणी त्या फटींतून पाइपात शिरतं. इथे पुढच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून उपयोग नाही. पाणी व्हॉल्व्ह आणि जाळी यांच्या मधेच शिरतंय, ते व्हॉल्व्हला विचारत नाही. गटार उलटत असेल तर मात्र तोच व्हॉल्व्ह योग्य.

आता सिमेंट थापण्याबद्दल. १० सेंमी जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. काँक्रीटच्या तळापासून २४ सेंमी, म्हणजे जवळजवळ उभ्या विटेएवढं पाणी चढलं की खालून वर ढकलणारा दाब तेवढाच होतो. मोरी ही वाफेच्या शिटीसारखी वाट आहे. ती बुजवली की फरशी फुगते, नाहीतर भिंतीच्या कडेने उपळ फुटतो.

म्हणून आधी पाण्याला दुसरी जागा द्यायची. तळघराच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात २ बाय २ फूट, ३ फूट खोल सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा काढा. तो भिंतीच्या पायाला खेटून नको. पायाखालची माती सुटेल. आत १० मिमीची भोकं पाडलेला प्लास्टिकचा पिंप, त्याला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळून भोवती २० मिमी खडी. पाणी भिंतीच्या कडेने फुटत असेल तर कडेने चर काढून १०० मिमीचा भोकांचा पाइप खडीत ठेवा, उतार मीटरला १ सेंमी.

पंप घेण्याआधी आवक मोजा. खडी-पिंप टाकण्यापूर्वी रिकाम्या खड्ड्यात (६० बाय ६० सेंमी) पाणी १० सेंमी चढलं म्हणजे ३६ लिटर आलं. त्याला ३ मिनिटं लागली तर मिनिटाला १२ लिटर. पंप याच्या किमान दुप्पट हवा, आणि तोही तुमच्या हेडला, म्हणजे पाणी जितकं उंच चढवायचं त्या उंचीला. पाटीवरचा मोठा आकडा बहुतेकदा कमीत कमी हेडचा असतो. घरात पडलेला बोअरचा सबमर्सिबल टाकू नका, गाळाने तो बसतो. फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) डीवॉटरिंग पंप घ्या, डिलिव्हरीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, आणि पंप व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपला ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर हवा अडकून पंप नुसता गुरगुरतो. पाणी भिंतीपासून किमान १० फूट लांब, उताराकडे सोडा. त्याच शोषखड्ड्यात सोडलंत तर तेच पाणी रात्रभर फिरवत बसाल.

पंप नीट चालतोय हे एक-दोन मोठ्या पावसांत बघितल्यावरच मोरीचा पाइप एंड कॅप आणि न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करा. सुरुवातीचे काही दिवस उपसलेलं पाणी पांढऱ्या बादलीत धरून तासभर ठेवा. रोज तळाशी बोटभर गाळ बसत असेल तर फरशीखालची माती वाहतेय. उपसा थांबवून पिंपाभोवतीचं कापड-खडीचं फिल्टर दुरुस्त करा.

पाणी साचलेल्या तळघरात मेन स्विच बंद केल्याशिवाय पाय ठेवू नका; पंपाच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच. लाइट गेली म्हणून पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर तळघरात उतरवू नका, धुराने माणूस तिथेच आडवा होतो.

यातला सगळ्यात स्वस्त उपाय मात्र गच्चीवर आहे. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिमी पाऊस पडला की ४,६०० लिटर पाणी होतं, आणि बहुतेक घरांत पन्हाळीचा पाइप ते नेमकं भिंतीच्या पायथ्याशी, त्या भुसभुशीत भरावावर ओततो. दोन लांबी पीव्हीसी आणि एक बेंड टाकून तो लांब न्या. कधी कधी सम्पची गरजच उरत नाही, म्हणून हे काम फरशी फोडण्याआधी करा. सम्प झालाच असेल तर दर मे महिन्यात त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून फ्लोट उचलतोय का ते बघा.