योग कोणाजवळ शिकावा?

ओळखीतले कोणी योगवर्गात नाव घालायला निघाले की, मी फी किंवा वेळ विचारण्याआधी एकच चौकशी करायला सांगते: शिकवणारी व्यक्ती स्वतः कोणाजवळ शिकली, आणि किती वर्षे? पुष्कळांना हा प्रश्न जुनाट वाटतो. मला तो सर्वांत व्यवहारी वाटतो.

हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात एकही आसन सांगण्याआधी आदिनाथाला, म्हणजे शंकराला, वंदन आहे आणि त्यामागोमाग मत्स्येंद्र, गोरक्ष आदी सिद्धांची नामावळी आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीसही आदिनाथांपासून गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथांपर्यंत हा वारसा कसा आला, ते माउली आवर्जून सांगतात. ही केवळ कृतज्ञता नाही. सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळूच वश होतो, तसाच प्राणही, म्हणजे श्वासही, हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असे हठप्रदीपिका बजावते. पण हळूहळू म्हणजे नेमके किती, हे कोणत्याही पोथीत लिहिता येत नाही, कारण ते समोर बसलेल्या माणसाचा श्वास पाहूनच ठरवावे लागते.

पार्ल्यातल्या ज्या बाईंकडे मी शिकते, त्यांच्या वर्गात एका तरुणाने कुंभकाबद्दल, म्हणजे श्वास रोखून धरण्याबद्दल, विचारले होते, ‘‘बाई, व्हिडिओत तर पहिल्याच दिवशी कुंभक दाखवतात. आपण कधी करायचा?’’ बाई म्हणाल्या, ‘‘दाखवू देत. तुमचा रेचक अजून शेवटी तुटतो. तो सलग होऊ दे, मग बघू.’’ रेचकात, म्हणजे श्वास सोडताना, शेवटी त्याच्या पोटाला बसणारा बारीकसा हिसका त्यांनी टिपला होता, आणि तो त्याला स्वतःला ठाऊकही नव्हता. सर्वांगासनात त्या खांद्यांखाली घडी घातलेली चादर सरकवतात, मग पायांकडे न पाहता गळ्याकडे पाहतात आणि गळा ताठरला की लगेच खाली उतरायला लावतात. ही नजर त्यांना त्यांच्या गुरूंच्या शेजारी बसून, त्यांनी इतरांना कसे सुधारले ते वर्षानुवर्षे पाहून मिळाली आहे. योगशिक्षकांच्या २०० तासांच्या प्रमाणपत्रात आसनांची नावे आणि क्रम शिकता येतात; थांबवायचे कधी, हे कळायला इतका अवधी पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंपरा म्हणजे गुरूची नक्कल, असे मानणाऱ्यांनी मुंबईचाच इतिहास पाहावा. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकणाऱ्या मणिभाई देसाई या तरुणाची १९१६ मध्ये माधवबागेत योगी परमहंस माधवदासजींशी भेट झाली आणि पुढे तो नर्मदाकाठी मालसरला त्यांच्या आश्रमात जाऊन राहिला. हेच श्रीयोगेंद्र. १९१८ च्या डिसेंबरात त्यांनी वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या घरी ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली, जी आज सांताक्रूझला आहे. माधवदासजींचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. योगेंद्रांनी संसारी माणसाला रोज झेपेल अशी साधना आखून दिली, त्यासाठी स्वतः गृहस्थाश्रम स्वीकारला; कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरात काय घडते, ते क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. गुरू एकच, पण शिष्य काही एका साच्यातून काढलेले गणपती नव्हते. दोघांच्याही हाती मालसरची तालीम होती, म्हणूनच काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याचा विवेक त्यांना करता आला, असे मला वाटते.

परंपरेचे नाव पुढे करून शिष्याचे तोंड बंद करणारेही आहेत, आणि त्यांची मला मनापासून चीड आहे. दुखते आहे असे सांगूनही जो आणखी दाबतो, शंका विचारली की ज्याला अपमान वाटतो, त्याने गुरुपरंपरेचा कितीही मोठा फलक लावलेला असो, त्याच्याकडून उठून यावे. कुवलयानंदांनी गुरूंकडून मिळालेल्या क्रिया थेट यंत्रासमोर ठेवल्या, निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून सर्वांसमोर मांडले, आणि तरीही माधवदासजींचे शिष्यत्व ते अखेरपर्यंत आदराने सांगत राहिले.