दोडक्याच्या शिरा आणि मी

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबे उघडले की, आणि हल्ली आईच्या मैत्रिणींकडूनही एकच प्रश्न येतो: "तू तर भाजीला हात लावत नव्हतीस, मग आता कशी खातेस गं?" विचारणारीच्या घरी बहुतेक तसाच एखादा नातू असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बत्तीस वर्षांची होईपर्यंत माझं जेवण म्हणजे पोळी, वरणभात, पिठलं, बटाट्याच्या काचऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांना ती थेरं वाटायची. पण माझं भांडण चवीशी नव्हतंच. भेंडीची तार, वांग्याच्या बिया, टोमॅटोचं सुटून आलेलं साल जिभेला लागलं की घास तोंडात फिरत राहायचा आणि घसा मिटायचा. अशा खाण्याच्या टोकाच्या प्रकाराला २०१३ साली डीएसएम-५ या मानसविकारांच्या सूचीत एआरएफआयडी या नावाने जागा मिळाली. बारीक होण्याच्या हौसेशी त्याचा संबंध नाही. मला तो आहे असं निदान कुणी केलेलं नाही, पण वाचून हलकं वाटलं.

मग हिमोग्लोबिन ९ आलं. गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "जे खाताय त्याच्या शेजारचं शोधा."

शेंगदाण्याच्या चटणीशेजारी दोडक्याच्या शिरांची चटणी बसते. दोडका सोलताना निघणाऱ्या शिरा थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. पहिल्या आठवड्यात मी माझ्या नेहमीच्या चटणीत ती फक्त चिमूटभर मिसळली. महिन्याभराने अर्धी-अर्धी. दोडका पोटात गेला, आणि तार नाही, बी नाही!

बटाट्याच्या काचऱ्यांशेजारी कारल्याच्या काचऱ्या. कडू चालतं मला, हे मलाच नवीन होतं. भेंडीला वर्ष गेलं. धुऊन फडक्याने कोरडी पुसायची, मगच चिरायची, झाकण ठेवायचं नाही, दोन आमसुलं टाकायची. आंबटाने तार कमी होते. फळांत आधी तिखटमीठ लावलेली कैरी, मग करकरीत पेरू. पिकलेलं केळं अजून नाही.

दर वेळी एकच नवीन घास, तोही भूक असताना, आणि नको वाटला तर टाकून द्यायची मुभा. ही मुभा मला लहानपणी मिळाली असती तर! आमच्याकडे ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम होता.

आणि लपवून घालू नका. नवऱ्याने एकदा प्रेमाने पिठल्यात पालक वाटून घातला. मला कळलं, आणि पुढचे तीन महिने मी पिठलंही खाल्लं नाही. हाताशी असलेल्या पाच पदार्थांतला एक गेला. त्याला अजून वाटतं मी जास्तच ताणलं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. मी परवा मोजलं, दीडशेच्या आसपास भरलं. हिमोग्लोबिन मात्र ११.८ आहे, त्यातलं गोळ्यांचं किती आणि कारल्याचं किती, कोण जाणे.

वांग्याचं विचारू नका. भरल्या वांग्याच्या रश्शात पोळी बुडवते, तेवढंच.