वरचे पन्नास

सलूनच्या काउंटरवर टिपसाठी ॲक्रिलिकचा एक पारदर्शक डबा ठेवलेला असतो. वर चीर, पुढे हसऱ्या चेहऱ्याचं पिवळं स्टिकर, आत तीन-चार नोटा. त्यातली शंभराची नोट सलूनवाल्यांनी स्वतःच टाकलेली असणार, आरतीच्या ताटात पुजारी आधी आपलीच नोट ठेवतो तशी. बाहेर मे महिन्यातलं धुळे शहर तापलेलं, आत एसीचा गारवा, मानेवर अजून बारीक केस टोचताहेत, आणि त्या डब्यासमोर पर्स उघडून उभ्या असलेल्या मला काही केल्या सुचत नाही. एरवी गिलक्यांच्या भावावरून पाच रुपयांसाठी भाजीवालीशी घासाघीस करणारी मी, इथे पन्नासची नोट काढते, आत ठेवते, वीसची काढते, पुन्हा पन्नासच.

द्यावेत तरी किती? लेक म्हणते दहा टक्के. नणंद म्हणते, बिल देतोय ना आपण, मग कसली टिप? भाची न्यू जर्सीत असते. तिकडे पंधरा ते वीस टक्के द्यावेच लागतात म्हणे, नाही दिले तर पुढच्या वेळी तोंड दाखवायची सोय नाही. केस धुणारी वेगळी असेल तर तिचे दोन-चार डॉलर निराळे. मालक स्वतः कापत असेल तर पूर्वी त्याला द्यायची रीत नव्हती, आताशा लोक त्यालाही देतात. जपानात म्हणे दिलेले पैसे परत आणून देतात. मला जपान आवडतं.

टक्क्यांचं गणित मला मुळात पटत नाही. नुसते केस कापायचे सहाशे. त्यात पोरगा पाऊण तास उभा, डोळे कात्रीवर, जरा हात हलला की माझ्या कानाची पाळी गेली. स्मूदनिंग का काय ते करायला पाच हजार. त्यात अर्धा वेळ डोक्याला औषध थापून बाई नुसती मोबाइल बघत बसलेली. मग पहिल्याला साठ आणि दुसऱ्याला पाचशे, हा कुठला न्याय? आणि रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या पोराचं जावळ काढणाऱ्याला किती टक्के द्याल? तिथे तर नारळ, टोपी आणि मामाच्या खिशातून निघेल ती नोट.

मधल्या मध्ये सरकारनेही एक गंमत केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. मी मनाशी ठरवलं, वाचलेले तेरा टक्के कापणाऱ्याला द्यायचे. गेले तर दरपत्रकच नवं छापलेलं. बिल होतं तेवढंच.

आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या गावात असली डोकेदुखी नव्हती. वारीकबाबा, म्हणजे आमचा गावचा न्हावी, ठरल्या दिवशी धोकटी काखेत मारून ओट्यापाशी यायचा. खाली गोणपाट, पाण्याची पितळी वाटी, तुरटीचा खडा, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याचं चट्‌-चट्‌. 'बठा नाना,' म्हणायचा आणि आमचे नाना मुकाट बसायचे. घरात, भाऊबंदकीत, ग्रामपंचायतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारे नाना. वारीकबाबा दोन बोटांनी हनुवटी धरून त्यांचं तोंड हवं तिकडे फिरवायचा आणि नाना ते फिरवू द्यायचे. मला ते बघायला फार आवडे. माझ्याकडे आरसा धरायचं काम. पारा उडालेला, हाताएवढा आरसा. मी त्यातून उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचवायची, मग नाना डोळे मिटल्या मिटल्या ओरडायचे, 'हालू नको व बाई!' आणि वारीकबाबा म्हणायचा, 'तुम्ही हालू नका, नाना.' शेवटी नराणीने नखं. ओलसर पायाच्या अंगठ्याचं जाड नख तो ज्या कौशल्याने काढायचा, तसं मी पुढे कुठल्या पेडिक्युअरमध्ये पाहिलं नाही.

पैशाचं नाव नाही. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाली की खळ्यावर त्याच्या वाट्याच्या पेंढ्या, वर सुपाने दाणे. पोळ्याला, लग्नाला, बारशाला वेगळं. मला बरीच वर्षं वाटायचं की किती छान होतं ते. घेणाऱ्याला मागायला नको, देणाऱ्याला पर्स उघडून उभं राहायला नको. पण १९७२ च्या दुष्काळात खळी रिकामी राहिली. दाढ्या मात्र वाढतच होत्या, आणि वारीकबाबा ठरल्या दिवशी येतच होता. त्या वर्षी त्याला काय मिळालं ते मला आठवत नाही, कारण मी लहान होते आणि घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. एवढं मात्र आठवतं की सूप किती भरायचं ते नेहमी नानाच ठरवायचे. वारीकबाबा बघत उभा राहायचा. त्याचा मुलगा पुढे सुरतेला गेला. आमच्याकडचं ज्याचं भागत नाही तो सुरतेलाच जातो. उधन्यात कुठेतरी त्याने खुर्ची टाकली, भिंतीवर दर लावले, आणि दाढीचे दाढीला, कटिंगचे कटिंगला रोख घ्यायला लागला. बरं केलं.

आमच्या ह्यांचं त्याहून सोपं आहे. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं वर्षानुवर्षांचं दुकान. भिंतीवर संत सेना महाराज, शेजारी जिवा महाला, खाली कालचा पेपर. ऐंशीचे शंभर देऊन 'वरचे राहू दे' म्हणतात, आणि तो मालक ते वीस रुपये फुकट घेत नाही. मान कडकड मोडून देतो, डोक्यावर तेल थापून असा काही ठेका धरतो की हे घरी येऊन तासभर पेंगतात. हिशेब जागच्या जागी मिटतो. मला त्या दुकानात जायची सोय नाही. आणि लेकीच्या मते कॉलनीतल्या पार्लरमध्ये जाऊन जाऊन माझ्या डोक्याचा टोप झाला होता, म्हणून तिने मला पारोळा रोडवरच्या ह्या काचेच्या सलूनमध्ये आणून बसवलं.

पहिल्यांदा एका परक्या तरुण मुलाने माझ्या केसांना हात लावला तेव्हा मी खुर्चीत ताठ झाले होते. माझ्या पिढीत बाईच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागायचा तो जावळाला, तेही आठवण सुरू होण्याआधी. तो हिंदीत बोलत होता. 'मॅम, लेयर्स करूं?' मीही माझ्या मोडक्या हिंदीत 'थोडा कम करो, बस' वगैरे. तेवढ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बोलावण्याचा भावाचा फोन आला. ॲप्रनखालून हात काढून मी आमच्या अहिराणीत बोलले, 'आखाजीले येस मी, काय घाई शे तुले?' मागची कात्री थांबली.

'ताई, गाव कोनतं तुमनं?'

आरशात पाहिलं तर मॅमवरून ताईवर आलेला तो पोरगा कानापर्यंत हसत होता. आमच्याच तालुक्यातल्या दोंडाईच्याचा निघाला. मग लेयर्स राहिले बाजूला. त्याचा आजा धोकटी घेऊन खेडोपाडी फिरायचा. बापाचं बसस्टँडजवळ लाकडी खोपटं. हा नाशिकला कोर्स करून आला. आमच्या गावात त्याच्या आत्याचं सासर, म्हणजे जवळजवळ भाचाच माझा. कळण्याची भाकरी आणि ठेचा यावर आम्ही दोघे इतके बोललो की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना भूक लागली असणार.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. 'मॅम' असते तर नोट टेकवून मोकळी झाले असते. आता भाच्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवायचे म्हणजे काय? आपल्यात पाहुण्या पोराच्या हातावर पैसे ठेवायचे तर ते शकुनाचे असतात, वर एक रुपया लागतो, आणि तो 'नको नको' म्हणत खिसा पुढे करतो. इथे तो टेबलावरचे केस झाडूने गोळा करत होता आणि वर बघत नव्हता.

त्याचे हात मात्र मी नीट पाहिले. कात्रीच्या अंगठ्याला घट्टा. सतत ओलं आणि औषधात राहून बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, सोललेली. डाव्या तर्जनीवर बारीक काळा ठिपका. मला वाटलं तीळ. तो म्हणाला, केस शे ताई, टोचेल. कापलेल्या केसाचं टोक काट्यासारखं कातडीत घुसतं म्हणे, चिमट्याने काढावं लागतं, नाहीतर पिकतं. कुणातरी अनोळखी माणसाचा केस. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात ते वेगळंच.

डब्यातल्या पैशांचं काय होतं, मी हळूच विचारलं. त्याने आधी कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, महिन्याच्या शेवटी उघडतात, सगळ्यांत वाटतात. सगळ्यांत म्हणजे कुणाकुणात, ते तो बोलला नाही. क्यूआर कोडवर जास्तीचे टाकले तर ते थेट मालकाच्या खात्यात, आणि तो छोटा स्पीकर 'सातशे रुपये प्राप्त झाले' असं साऱ्या दुकानाला ओरडून सांगतो. म्हणजे दातृत्व माझं, जाहिरात बँकेची आणि पैसे मालकाचे.

तेव्हापासून माझी एक खोड झाली आहे. सलूनला निघायच्या आधीच पन्नासची नोट चार घड्या घालून ब्लाउजमध्ये, आपल्या आजीसारखी. पर्समध्ये नाही, ॲप्रन एकदा गळ्याशी बांधला की पर्स आपली राहत नाही. काम झालं, मागून आरसा दाखवला, मी दरवेळी मागचं काही न दिसता 'छान' म्हटलं, की तो ॲप्रन सोडतो. त्या क्षणी, खुर्चीतून उठता उठता, नोट त्याच्या मुठीत. कॅमेऱ्याकडे माझी पाठ. कसलातरी गुन्हा करत असल्यासारखं छातीत धडधडतं, पण मजा येते. पन्नासच का, ह्याला उत्तर नाही. वीसची लाज वाटते आणि शंभराचा जीव होत नाही. दिवाळीला दोनशे.

लेकीला हे सांगितलं तर तिने मला वेगळ्याच ठिकाणी पकडलं. 'आणि पार्लरवाल्या काकूंना कधी दिलेस गं?' खरंच. कॉलनीतल्या त्या बाईने किती वर्षं माझ्या भुवया कोरल्या, चाळीस रुपयांत, दोरा दातांत धरून. मान अवघडलेली, दारात तिचं पोर अभ्यासाला बसलेलं. तिला टिप द्यावी असं मनात सुद्धा आलं नाही; उलट 'मागच्या महिन्यात तर पस्तीस होते' म्हणाले. हो, कानबाईच्या सणाचे रोट, आखाजीची पुरणपोळी तिच्या घरी जाते, पण ती काय, तिच्याकडूनही येते. एसी असला, काच असली, नावात इंग्रजी असलं की आपला हात सैल सुटतो. उकाड्यात काम करणाऱ्याशी भाव करायचा, हे मात्र आपण सगळ्या जणी न शिकवता शिकलो आहोत.

रविवारी त्या सलूनमध्ये जाऊ नये, हा माझा सल्ला. लग्नसराईत तर नाहीच. तो पोरगा पाण्याचा घोट घ्यायला थांबत नाही. गंमत बघा, रविवारची सुट्टी आपल्याकडे गिरणी कामगारांना मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. तेव्हापासून सगळा महाराष्ट्र रविवारी निवांत केस कापून घेतो आणि न्हाव्याला त्याच दिवशी मान वर करायला फुरसत नसते. त्याच १८९० साली लोखंड्यांच्याच पुढाकाराने मुंबईतले नाभिक एकत्र आले होते आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आपण शाळेत वाचतो आणि पुढचं पान उलटतो. मी त्या खुर्चीत बसून, कुणीतरी माझे केस इतक्या काळजीने सारखे करत असताना, त्याचा पहिल्यांदा नीट विचार केला. रोजच्या हातावर पोट असलेली माणसं, आणि ते काम म्हणजे ठरलेलं, हमखास पैशाचं. घरोघरची बडी माणसं बोलावणं पाठवत होती. आणि ह्यांनी सांगितलं, तुमचे पैसे नकोत. ज्यांच्या घरात त्या बाया राहत होत्या त्यांना जे जमलं नाही, ते वस्तरा हातात असलेल्यांनी केलं. मी हे त्या पोराला सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. कात्री चालवता चालवता तो एवढंच म्हणाला, 'मंग चांगलंच कयं.'

पुढच्या आखाजीला तो दोंडाईच्यात स्वतःचं दुकान टाकणार आहे. मुहूर्त बघायला नको, साडेतीनांतलाच एक. खुर्च्या दोन, एसी नंतर, उद्‌घाटनाला ताईंनी यायचंच. म्हणजे आता मी एवढ्याशा केसांसाठी धुळ्याहून दोंडाईच्याला जायचं आणि शिवाय तो मालक होणार, मालकाला टिप द्यायची का नाही हे भाचीला पुन्हा विचारायचं. पहिल्या दिवशी नारळ नेईन. पुढचं पुढे. तसेही माझे केस ज्या वेगाने गळताहेत, तोवर कापायला काही उरलं म्हणजे मिळवली.